कुत्र्या-मांजरासह येणाऱ्या भाडेकरूला घर देताना

सिंहगड रस्त्यावरचा आमचा वन बीएचके फ्लॅट पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा एजंटने विचारलं, "पेट्स चालतील का?" मी लगेच नाही म्हटलं. विचार असा काही केलाच नव्हता. सगळे नाही म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. सात महिन्यांनी स्वयंपाकघरातला नळ गळत होता म्हणून प्लंबरला घेऊन गेले, तर बाथरूमच्या बंद दाराआडून मांजराचं ओरडणं ऐकू आलं. भाडेकरू मुलगी रडवेली झाली. "काकू, आधी सांगितलं असतं तर तुम्ही घर दिलं नसतं," म्हणाली. ते खरंच होतं.

मांजराने घराचं नुकसान फारसं केलेलं नव्हतं. पण ते लपवायचं म्हणून तिने सात महिने खिडक्या बंद ठेवल्या होत्या. बेडरूमच्या भिंतीला ओल आली तेही कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर मी बघायला आले असते. शेवटी त्या भिंतीचं प्लास्टर काढावं लागलं. मी नाही म्हटल्याने मांजर यायचं राहिलं नाही, मला खबर मिळायची तेवढी राहिली.

त्यानंतर त्याच घरात एक लॅब्रेडॉर, एका जोडप्याची दोन मांजरं आणि एक गावठी कुत्री राहून गेली. काही गोष्टी चुकत शिकले, काही भाडेकरूंनीच शिकवल्या. तुम्ही पहिल्यांदाच असं घर द्यायचा विचार करत असाल तर ज्या क्रमाने गोष्टी कराव्या लागतात, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. कायदा महाराष्ट्रातला आहे आणि अनुभव पुण्यातल्या सोसायटीचा.

१. आधी आपल्या घराकडे बघा

सगळी घरं प्राण्यांसाठी सारखी नसतात. व्हिट्रिफाइड टाइल्सची फरशी, खिडक्यांना ग्रिल, सामान मोजकं असं घर असेल तर काळजी कमी. लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन असेल तर लघवी सांध्यांत उतरते आणि पट्ट्या फुगतात, ते पूर्ववत होत नाही. संगमरवराला डाग धरतो. कापडी सोफा, गादी, पडदे देऊन घर सजवून द्यायची तुमची पद्धत असेल, तर प्राणी असलेल्या कुटुंबाला तेच घर रिकामं द्या आणि भाडं त्याप्रमाणे लावा.

तुम्ही स्वतः शेजारच्या दारात राहत असाल आणि घरात कुणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी असेल, तर नाही म्हणा. घरमालकाने होच म्हटलं पाहिजे अशी सक्ती नाही. फक्त तो नकार पहिल्याच फोनवर द्या. टोकन घेतल्यावर, टेम्पो ठरल्यावर दिलेला नकार माणसाला रस्त्यावर आणतो, आणि त्याच्या कुत्र्यालाही.

२. सोसायटीशी बोला, पण परवानगी मागायला जाऊ नका

"आमच्या सोसायटीत कुत्रे अलाउड नाहीत" हे वाक्य वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कुणीही सांगतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालेली केंद्राची वैधानिक संस्था आहे. तिने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सभेत बहुमताने ठराव केला तरीही नाही. अमुक जातीचा कुत्रा नको, मोठा नको, भुंकतो म्हणून नको, असंही चालत नाही. लिफ्ट वापरायला बंदी करता येत नाही. पाळीव प्राण्यांना मज्जाव करणारे निवासी संघटनांचे नियम बेकायदा ठरतात, असा निकाल केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ साली दिला आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण समितीपुढे दाखवण्याजोगा नक्की आहे.

त्याच सूचना प्राणी पाळणाऱ्यालाही कर्तव्यं सांगतात. लस, स्वच्छता, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी, हे सगळं त्यांत आहे. समितीपुढे जाताना कागदाच्या दोन्ही बाजू घेऊन जा. मी सेक्रेटरींना भाडेकरूची माहिती देताना कुत्रीचा लसीचा दाखलाही जोडला होता, आणि तिला फिरवायच्या वेळा कळवल्या होत्या. वादच झाला नाही.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेहमीच्या भाडेकरारावर, घर देण्यासाठी आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवणं आणि कराराची प्रत देणं एवढं लागतं. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भाडेकरूकडे कुत्रा आहे म्हणून ही मर्यादा बदलत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण काही ठिकाणी तसा प्रयत्न होतो.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती नेहमीसारखीच द्यायची. पुणे आणि मुंबई पोलिसांकडे ती ऑनलाइन भरता येते.

३. पहिला फोन

जाहिरातीत नुसतं "पेट्स चालतील" लिहू नका. "प्राणी असल्यास आधी सांगा, भेटून ठरवू" असं लिहा. यामुळे खरं सांगणारी माणसं पुढे येतात. फोनवर मी चारच गोष्टी विचारते: कोणता प्राणी, वय किती, निर्बीजीकरण झालं आहे का, आणि दिवसातून किती तास एकटा राहतो.

जात मी शेवटी विचारते. लोक लॅब्रेडॉर म्हटलं की निश्चिंत होतात आणि गावठी म्हटलं की कपाळाला आठ्या घालतात. माझ्या घरात सर्वांत कमी ओरखडे गावठी कुत्रीचेच होते. जातीपेक्षा वय महत्त्वाचं आहे. पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडून नवे येतात, त्या काळात दाराची चौकट, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी), वायरी, जे सापडेल ते ते चावतं. वर्षाच्या आतलं पिल्लू घेऊन येणाऱ्याला घर द्यायचं तर हे गृहीत धरूनच द्या. अगदी म्हाताऱ्या कुत्र्याला लघवी धरून ठेवता येत नाही, हा प्रश्न वेगळा. आणि निर्बीजीकरण न झालेला बोका भिंतीवर, दाराच्या कोपऱ्यात लघवीची पिचकारी मारून आपली हद्द आखतो. तो वास सगळ्यांत चिवट. बोका असेल तर मी निर्बीजीकरणाचा दाखला पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

४. प्राण्याला त्याच्या सध्याच्या घरी भेटा

सगळ्या पायऱ्यांमध्ये मला हीच सर्वांत मोलाची वाटते. भाडेकरू तुमचा फ्लॅट बघायला येतो, तसं तुम्हीही त्याचं सध्याचं घर बघायला जा. "तुमच्या लॅब्रेडॉरला भेटायला येऊ का?" म्हटलं की प्राण्यावर जीव असणारी माणसं खूष होतात. टाळाटाळ झाली तर त्यातूनही कळतं.

दार उघडल्यावर पहिला वास लक्षात ठेवा, कारण पाच मिनिटांत नाक सरावतं. बेल वाजल्यावर कुत्रा भुंकणारच, ते चांगलंच आहे. किती वेळ भुंकतो आणि मालकाने एकदा सांगितल्यावर थांबतो का, ते बघा. मुख्य दाराची आतली बाजू खालच्या दोन फुटांत बघा. खोल ओरखडे असतील, तर तो कुत्रा एकटा राहिला की कासावीस होतो असं समजा. अशा कुत्र्याला बारा तास कोंडून दोघं नोकरीला जाणार असतील, तर शेजाऱ्यांचे फोन तुम्हाला येणार आहेत. मांजर असेल तर वाळूचा ट्रे कुठे ठेवला आहे आणि किती साफ आहे ते बघा. ट्रे घाण असला की मांजर दुसरीकडे जातं, त्यात मांजराचा दोष नाही.

कुत्रा लांबून भुंकत असेल तर त्याच्याकडे झेपावू नका, डोळ्यांत रोखून बघू नका. खाली बसा, त्याला हवं तेव्हा तो येऊन वास घेईल. लॅब्रेडॉर पहिल्या भेटीत माझ्या चपला घेऊन पळाला होता, आणि त्या घरातल्या आजोबांनी "आण इकडे" म्हटल्याबरोबर त्याने त्या परत आणून ठेवल्या. त्या क्षणीच मी घर द्यायचं ठरवलं.

निघताना आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागा आणि खरंच फोन करा. "कुत्रा कसा होता?" असं विचारू नका, सगळे "चांगला" म्हणतात. "घर सोडल्यावर तुम्हाला काय दुरुस्त करावं लागलं?" असं विचारा.

५. कागद

लसीकरणाचं पुस्तक बघा. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे दरवर्षी टोचतात, म्हणून शेवटच्या नोंदीची तारीख वर्षाच्या आतली हवी. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कुणी वाचत नाही, त्यामुळे या एका तारखेबाबत तडजोड करू नका. पुणे आणि मुंबई महापालिका कुत्र्यांसाठी परवाना देतात, त्याची प्रत घ्या. नसेल तर राहायला आल्यावर महिन्याभरात काढायला सांगा. प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर घ्या, आणि भाडेकरू अचानक आजारी पडला किंवा गावाला गेला तर प्राण्याला कोण नेईल, त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. हा शेवटचा नंबर कुणी मागत नाही. एकदा रात्री साडेअकराला भाडेकरूला दवाखान्यात न्यावं लागलं आणि त्याची मांजरं घरात होती, तेव्हापासून मी तो आधी मागते.

पिंजऱ्यातला हिरवा पोपट किंवा पाठीवर चांदण्या असलेलं कासव कुणी आणणार असेल तर स्पष्ट नकार द्या. आपल्याकडचा पोपट आणि चांदणी कासव दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, घरात पाळणं गुन्हा आहे. मिठू आजीच्या काळापासून घराघरांत होता, म्हणून लोकांना हे पटत नाही. बजरीगर (लहान परदेशी पोपट), घरगुती मासे यांची अडचण नाही.

६. करारात नेमकं लिहा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणी केली नाही तर ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, आणि उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. "कुत्रा चालेल असं काकूंनी तोंडी सांगितलं होतं, पण नुकसानभरपाईचं काही बोलणं नव्हतं," असं तो म्हणाला की तुमच्या हातात काही उरत नाही.

खर्च फार नाही. समजा भाडं २५,००० रुपये, मुदत २४ महिने, परत करायचं डिपॉझिट १,००,००० रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के व्याजावर ०.२५ टक्के लागतं. ६,००,००० अधिक २०,००० म्हणजे ६,२०,०००, त्यावर साधारण १,५५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याचे पैसे वेगळे.

हा एजंट आपला छापील मसुदा टाकतो आणि त्यात प्राण्यांबद्दल एकतर काहीच नसतं, किंवा सरसकट बंदी असते. तुम्ही तोंडी हो म्हटलंत आणि कागदावर बंदी राहिली, तर दोघंही अडचणीत येता. मसुदा वाचा, ती ओळ काढायला लावा आणि जास्तीची कलमं घालून घ्या. माझी साधारण अशी असतात (लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे भाडेकरू):

"सदर सदनिकेत लायसन्सी यांच्यासोबत पुढील वर्णनाचा एकच पाळीव प्राणी राहील: गावठी कुत्री, रंग तांबडा, वय अंदाजे ४ वर्षे, निर्बीजीकरण झालेले, फोटो सोबत जोडला आहे. दुसरा प्राणी आणण्यापूर्वी लायसन्सर यांची लेखी संमती घ्यावी लागेल.

प्राण्याचे लसीकरण व महापालिकेचा परवाना चालू ठेवण्याची जबाबदारी लायसन्सी यांची राहील.

प्राण्यास रात्रभर एकटे ठेवले जाणार नाही, तसेच गॅलरीत कोंडून किंवा बांधून ठेवले जाणार नाही.

नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता प्राण्यामुळे झालेले नुकसान लायसन्सी बिल पाहून भरून देतील.

घर सोडताना सखोल स्वच्छता व पिसवा-गोचिडांसाठी फवारणी लायसन्सी यांच्या खर्चाने होईल.

लायसन्सर किमान २४ तास आधी कळवून तीन महिन्यांतून एकदा सदनिका पाहू शकतील."

एक कलम मात्र घालू नका. "तक्रार आल्यास प्राणी तात्काळ काढून टाकावा" असं बरेच मालक लिहून घेतात. काढून टाकावा म्हणजे कुठे? असा दबाव आला की कुत्रा एखाद्या घाटात किंवा मंडईत सोडला जातो. पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला सोडून देणं हा प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि तुमचा कागद त्याला निमित्त ठरू नये. त्याऐवजी लिहा की लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांत तोडगा निघाला नाही, तर करारातल्या नेहमीच्या नोटिशीने करार संपवता येईल. मग माणूस आणि प्राणी दोघं मिळून दुसरं घर शोधतात.

७. पैसे

दरमहा "पेट रेंट" घेणं मला पटत नाही. महिन्याला हजार रुपये जास्त भरणाऱ्याला वाटू लागतं की नुकसान त्यातच आलं, आणि शेवटी डिपॉझिटमधून कापताना भांडण होतं. मी एक महिन्याचं डिपॉझिट जास्त घेते, ते परत करायचं असतं आणि करारात त्याच रकमेत धरलेलं असतं. रोख घेत नाही, बँकेतूनच घेते. शेवटच्या सफाईसाठी परत न मिळणारी काही रक्कम घ्यायची असेल, तर तीही करारात दाखवा. मुद्रांक शुल्कात तिने दहा-पंधरा रुपयांचा फरक पडतो, पण हिशेब स्वच्छ राहतो.

८. घर तयार करा

मांजर येणार असेल तर खिडक्या आणि गॅलरी आधी. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडकीची मच्छरजाळी मांजर नखांनी फाडतं आणि सरकवूनही उघडतं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चांगली ताणून, चारही बाजूंनी हुकात बसवली असेल तर बऱ्यापैकी चालते, पण दात लागले की भोक पडतं. शक्य असेल तर बारीक तारेची जाळी लावा. मांजर पडलं तरी चार पायांवर उतरतं आणि त्याला काही होत नाही, असं म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पडलेल्या मांजरांचे जबडे आणि पाय मोडतात, छाती फुटते. जाळीचा खर्च मी केला. घराची वस्तू आहे, कबुतरांसाठीही उपयोगी पडते.

मुख्य दाराच्या आतल्या बाजूला खालच्या दोन फुटांत सनमायका किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावून घ्या. सुतार अर्ध्या दिवसात करतो आणि पूर्ण दार बदलायचा खर्च वाचतो. भिंतींना धुता येणारा रंग द्या, निदान कमरेपर्यंत.

मग कपाटं उघडा. आपल्या घरांत डांबराच्या गोळ्या कपाटात, ट्रंकेत, मोरीच्या जाळीत टाकलेल्या असतात. त्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. उंदराच्या औषधाच्या वड्या, झुरळांसाठी ठेवलेली आमिषं, मागच्या पेस्ट कंट्रोलची उरलेली पाकिटं, सिंकखालून आणि माळ्यावरून शोधून काढा. गॅलरीत कुंड्या ठेवून जाणार असाल तर डिफेनबेकिया हे विषारी शोभेचं झाड उचला, आणि मांजर असेल तर लिलीही. लिलीचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी निकामी होते. फरशी फिनेलने पुसून देऊ नका, फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत.

हे सगळं झाल्यावर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक दाराची खालची बाजू, चौकटी, स्कर्टिंग, फरशीचे कोपरे दिसले पाहिजेत. तो त्याच दिवशी भाडेकरूला पाठवून द्या, म्हणजे दोघांकडे एकच पुरावा राहतो.

९. राहायला आल्यानंतर

पहिल्या दिवशी मी भाडेकरूला आणि कुत्र्याला घेऊन शेजारच्या दोन दारांत जाते. जिन्यात अचानक कुत्रा दिसला की माणूस घाबरतो, आधी ओळख झालेली असली की नाही. शेजारच्या वहिनींना कुत्र्यांची भीती होती. त्यांना मी सांगितलं की ही सकाळी साडेसहा आणि रात्री नऊला खाली जाते, आणि भाडेकरूला सांगितलं की लिफ्टमध्ये त्या असतील तर एक फेरी थांबायचं. मंडळाच्या सूचना लिफ्ट वापरू देतात, पण रोज समोर येणाऱ्या माणसाला कागद दाखवून शेजार टिकत नाही. खाली शी केली तर ती पिशवीत उचलायची, हे एकदा स्पष्ट सांगून टाका.

पहिले दोन आठवडे कुत्रा जास्त भुंकतो, नवी जागा असते. तक्रार आली तर लगेच चिडू नका. कोणत्या वेळी आणि किती वेळ, ते लिहून घ्या. बहुतेकदा भुंकणं मालक बाहेर पडल्यानंतरच्या अर्ध्या तासातलं असतं, आणि निघण्याआधी लांब फेरी मारून आणली की कमी होतं. पुढे गळ्यात पट्टा, हातात दोरी हा नियम ढिला पडू देऊ नका. कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करून कुणाला इजा होऊ दिली, तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

तीन महिन्यांनी घर बघायला जाताना तपासनीस होऊन जाऊ नका. चहाला थांबा. ओल, गळका नळ, सैल झालेली जाळी, हे सगळं त्या अर्ध्या तासात कळतं.

१०. घर सोडताना

इथे नवे मालक फसतात, आणि त्याचं कारण आपलं हवामान आहे. लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्याचे स्फटिक फरशीच्या सांध्यांत कोरडे बसून राहतात आणि दमट हवा मिळाली की पुन्हा वास सोडतात. एप्रिलमध्ये घर ताब्यात घेतलं, काही वास नाही, डिपॉझिट परत केलं, आणि जूनच्या पहिल्या पावसात नवीन भाडेकरूचा फोन आला, असं माझ्या बाबतीत झालं आहे. म्हणून उन्हाळ्यात घर ताब्यात घेताना सगळी फरशी साध्या पाण्याने ओली पुसा, खिडक्या बंद करून तासभर बाहेर थांबा आणि मग नाक घेऊन आत जा. रात्रीच्या अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने कोपरे बघितले तर जुने डाग पिवळसर-हिरवट चमकतात. अशी टॉर्च स्वस्तात मिळते.

डाग सापडले तर एन्झाइमचं क्लीनर ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या, मग पुसा. ब्लीच वापरू नका. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की घशाला-डोळ्यांना झोंबणारा विषारी वायू तयार होतो. संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर ॲसिड, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांतलं काही लावू नका. वास जाईल, पण दगड खाल्ला जाईल.

पिसवांचं गणित वेगळं. त्यांचे कोष फटींमध्ये आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही पडून राहतात, आणि पावलांची थरथर, अंगाची ऊब लागली की फुटतात. घर महिनाभर रिकामं राहिलं म्हणजे ते स्वच्छ झालं असं नाही. नवीन कुटुंब चालायला लागतं आणि घोट्यांवर चावे दिसतात. म्हणून फवारणी एकदा घर रिकामं झाल्यावर आणि पुन्हा पंधरा दिवसांनी करून घ्या.

कापायचं काय, हे ठरवताना झीज आणि नुकसान वेगळं ठेवा. फरशीवर नखांच्या बारीक रेषा, भिंतीवर अंग घासून झालेली तेलकट छटा, फिकट झालेली जाळी, ही झीज. चावलेली चौकट, फुगलेलं दार, फाडलेली मच्छरजाळी, हे नुकसान. नुकसानीचे पैसे सुताराचं बिल दाखवूनच कापा आणि बाकीचे लगेच परत करा. नव्या घराचं डिपॉझिट त्याला त्यातूनच भरायचं असतं. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

किल्ल्या घेताना प्राणी कुठे आहे ते विचारा. गाडीत बसलेला दिसला तर उत्तम. आणि त्याच दिवशी भाडेकरूच्या हातात एक पत्र द्या. पुढचा घरमालक त्याच्याकडे ते मागणार आहे. मी त्यात चारच ओळी लिहिते: या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्याकडे राहिले, सोबत तांबड्या रंगाची एक गावठी कुत्री होती, शेजाऱ्यांची लेखी तक्रार एकही नाही, डिपॉझिटमधून सुताराचे इतके रुपये कापले. खाली माझा नंबर लिहिते. फोन येतात, आणि काय दुरुस्त करावं लागलं असं कुणी विचारलं तर मी ते सांगते.